एका तारेत आठ गळे

घर बघायला गेले तेव्हा काकांनी माझं नाव विचारायच्या आधी मला टाळी वाजवायला सांगितली.

मी सांगलीकडची. वर्ध्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली होती आणि शाळेतल्या शिपाईमामांनी नालवाडीतली ही वरची खोली सुचवली होती. घरमालक साठीच्या आतबाहेरचे, अंगात बंडी, डोळ्यांवर जाड चष्मा. जिना चढून आले आणि दारातच थांबले.

"मॅडम, मदोमद उभ्या राहा आन् एक टाळी वाजवा."

मी वाजवली. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"आता त्या कोपऱ्यात."

तिथेही वाजवली. त्यांनी मान हलवली. "सामान काय काय आनसान?"

कॉट, एक कपाट आणि पुस्तकं, असं मी सांगितलं.

"पुस्तकं आना. लय आना. पुस्तकं आवाज पेते. नाईतं ही खोली बोंबलते."

बाकीची बोलणी काकूंनी केली. जाताना काकूंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, घाबरू नोको. मानूस चांगला हाय, फक्त आयकत राह्यते."

आठ वर्षं मी त्या घरात राहिले. काकूंच्या त्या वाक्यात फारशी भर घालायची गरज मला कधी पडली नाही.

पुलगावच्या बाजारात त्यांच्या घराण्याचं कापडाचं दुकान होतं. आजोबा आष्टीकडून आलेले, वडिलांनी दुकान वाढवलं, काकांनी तीस वर्षं चालवलं. कापड फाडताना जो आवाज होतो त्यावरून ते सूत ओळखायचे म्हणे. गिऱ्हाईक रंग बघायचं, हात लावून बघायचं, आणि काका डोळे मिटून ती टर्र ऐकायचे. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी दुकान धाकट्या भावाच्या हवाली केलं, नालवाडीत हे घर बांधलं आणि खालची मागची खोली स्वतःसाठी ठेवली. त्या खोलीच्या भिंतींना त्यांनी गाद्या लावल्या. साध्यासुध्या नाहीत. जिनिंगच्या कारखान्यातून चांगली रुई आणून, गादीवाल्याला अंगणात बसवून भरून घेतलेल्या, पुरुषभर उंचीच्या. काकूंना याचा राग होता. "पाहुन्याले निजाले गादी नाई, अन् भिंती कशा लोळून राह्यल्या पाहा," असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या.

खोलीत एक संगणक होता आणि त्याच्या शेजारी माइकचा आवाज संगणकात नेणारं एक निळं यंत्र. दोन्ही बंगळूरच्या मुलानं दिलेली. त्या यंत्राला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. काकूंना ते म्हणता येत नसे आणि पेटी म्हणायची सोय नव्हती, कारण पेटी म्हणजे बाजाची पेटी. म्हणून घरात सगळे त्याला डबी म्हणायचे. डबीला पुढे दोन माइक लावायची सोय होती. काकांनी त्या दोन माइकांवर काय काय टिपून ठेवलं होतं याला सुमार नाही. कुकरची शिट्टी, जिनिंगचा भोंगा, स्टेशनात शिरणाऱ्या मालगाडीचे ब्रेक, शेजारच्या चक्कीचा पट्टा सुटल्यावर होणारा फटका. प्रत्येकाची वेगळी सीडी आणि त्यावर दुकानातल्या ठाण्यांवर लिहावं तसं बारीक अक्षरात नाव.

टिपताना घरात कुणी चालायचं नाही, पंखा लावायचा नाही. फ्रीजसुद्धा बंद. पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून काका आपला चष्मा फ्रीजमध्ये ठेवून द्यायचे. चष्म्याशिवाय त्यांना चार पावलं चालता येत नसे, त्यामुळे फ्रीज उघडावाच लागायचा. एकदा मी विचारलं, काका, मग काम कसं करता? तर म्हणाले, "आयकाले कायले पाह्यजे चष्मा?"

डबीसोबत आलेलं माहितीपुस्तक संगणकावर होतं. ते त्यांनी छापून आणलं, झेरॉक्सवाल्याकडून शिवून घेतलं आणि दुकानातल्या लाल कापडात बांधलं. रोज सकाळी आंघोळीनंतर एक पान मोठ्यानं वाचायचे. इंग्रजी त्यांना वाचता यायचं, कळायचं अर्धंमुर्धं. उरलेलं अर्धं घेऊन ते जिन्याच्या पहिल्या पायरीवरून मला हाक मारायचे. मी इंग्रजीची शिक्षिका, तेव्हा मला सगळं आलंच पाहिजे असा त्यांचा समज, आणि खरं सांगायचं तर माझाही.

"मॅडम, वर्ड क्लॉक म्हंजे शब्दाचं घड्याळ का?"

मी वह्या तपासत होते. "असेल," मी वरूनच म्हटलं. "शब्दांसाठी काहीतरी असेल. बातम्या वगैरे देणाऱ्यांना लागत असेल. गाण्याला नाही लागणार."

त्यांनी त्या पानाला काट मारली. त्या काटेची गोष्ट पुढे येईल.

किसनाजींचं नाव मी त्यांच्याकडून पहिल्या वर्षापासून ऐकत होते. नाचणगावचे शेतकरी, गावातल्या खंजिरी भजनी मंडळाचे मुख्य गायक. दुकान पुलगावात असताना काका दर गुरुवारी शटर ओढून नाचणगावला पायी जायचे आणि मंडळाच्या भजनाला मागे बसायचे. गायचे नाहीत, टाळही धरायचे नाहीत. मंडळातली माणसं त्यांना आधी देणगीदार समजली, मग कुणीतरी वेडा, मग सवय झाली. "किसनाचा आवाज सुताच्या दोरावानी हाय," काका म्हणायचे. "पातळ वाटते, पन तुटत नाई."

एका वर्षी उन्हाळा लागता लागता काका एका संध्याकाळी नाचणगावहून परत आले आणि न जेवता मागच्या खोलीत जाऊन बसले. काकूंनी मला खाली बोलावलं.

किसनाजींच्या घशात गाठ निघाली होती. नागपूरच्या दवाखान्यात सांगितलं होतं की कंठच काढावा लागेल. जीव वाचेल, पण मग गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घ्यायचा, आणि बोलणं नाही. तारीखही दिली होती. आणि किसनाजींनी घरी सांगून टाकलं होतं की ते जाणार नाहीत.

"त्याची सून रडून राह्यली होती," काका म्हणाले. "तो म्हनते, आवाज गेल्यावर मी कोन? वावरात बैल हाकलाले बी तोंड लागते."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हनलं, किसना, तुहा आवाज माह्याकडं ठेव अन् तू दवाखान्यात जा. तो म्हने, एकट्याचा ठेवून काय करतो? मी एकटा कधी गायलो? ठेवाचा तं साऱ्या मंडळाचा ठेव. सारे संग बसून, जसे देवळात बसते तसे. मंग जाईन म्हने."

मी म्हटलं, मग टिपा की.

"मॅडम, मंडळ आठ लोकायचं हाय. डबीले भोकं दोन."

दोन माइकांवर आठ माणसं टिपता येत नाहीत असं नाही. पण काकांनी ते पूर्वी एकदा करून बघितलं होतं. ढोलक सगळ्यांच्या डोक्यावर बसली होती आणि मागून ओळ धरणारे तीन झीलकरी खोल विहिरीतून गात असल्यासारखे वाटत होते. एकदा असं मिसळलं की वेगळं काढता येत नाही. त्यांना किसनाजींचा आवाज निराळा हवा होता आणि बाकी सात जणांचेही निराळे, आणि तरी सगळे एका वेळी. एकेकाला बोलावून, कानाला हेडफोन लावून गाऊन घ्यावं असंही त्यांनी सुचवून बघितलं होतं. पेटीवाल्या बाबारावांनी तिथल्या तिथे नकार दिला. भजन काय पाळीपाळीनं म्हणायची गोष्ट आहे का, असं त्यांचं म्हणणं.

त्या रात्री काकांनी लाल कापडातलं पुस्तक माझ्या हातात दिलं. "यकदा पुरं वाचा. एखांदी वाट असन."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी अंगणातल्या कडुनिंबाखाली बसून वाचायला घेतलं. अर्ध्यावर एक चित्र आलं. डबीची मागची बाजू, आणि तिच्यावर एक चौकोनी झाकणाचं छोटं भोक. मी काकांना विचारलं. त्यांनी डबी उलटी केली. त्या भोकावर चिकटपट्टी लावलेली होती.

"मुंग्या जात होत्या," ते म्हणाले.

पुस्तकात लिहिलं होतं की त्या भोकात काचेच्या तारेतून उजेड येतो आणि त्या उजेडात आठ निरनिराळे आवाज आकड्यांच्या रूपात येऊ शकतात. मी दोनदा वाचून मग काकांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं.

"एका तारेत आठ?"

"आठ."

"अन् थे एकमेकात मिसळत नाई?"

"नाही. संगणकात आठांचे आठ वेगळे उतरतात."

त्यांनी नखानं ती चिकटपट्टी काढली. दोन वर्षं ती तिथे होती.

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, बरोबर आहे बाबा, पण दुसऱ्या टोकाला आठ माइक लावायचं एक वेगळं यंत्र लागतं. ते आठ आवाजांचे आकडे करून तारेतून पाठवतं. काका सोमवारी सकाळच्या गाडीनं नागपूरला गेले. तिथल्या एका रेकॉर्डिंगवाल्यानं नवं यंत्र घेतलं होतं आणि जुनं कपाटावर पडून होतं. संध्याकाळी ते गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन घरी आणलं. तार वेगळ्या पिशवीत. यंत्र सुरू करून त्यांनी तारेचं मोकळं टोक आपल्या तळहातावर धरलं. तळहातावर मिरचीच्या बीएवढा लाल ठिपका पडला. काकूंना, मला, दूध घालायला आलेल्या माणसाला, सगळ्यांना त्यांनी तो दाखवला.

शुक्रवारी मंडळ आलं. नागपूरची तारीख पुढच्या बुधवारची होती.

त्या दिवसांत वीज ठरलेल्या वेळी जायची, म्हणून सकाळी दहानंतरची वेळ ठरवली होती. आठ माणसं त्या गाद्यांच्या खोलीत बसली. एप्रिल महिना, पंखा बंद, कूलर बंद. किसनाजींना काकांनी कोपऱ्यात बसवलं आणि त्यांच्या तिन्ही बाजूंनी कमरेएवढ्या उंच गाद्या रचल्या, म्हणजे इतरांचा आवाज त्यांच्या माइकात कमी जाईल. किसनाजी गाद्यांवरून मान काढून बघायला लागले. "मले कोनाचं तोंड दिसत नाई," ते म्हणाले. तेव्हा काकांनी एकेक गादी कमी केली, सगळ्यांची तोंडं दिसेपर्यंत. आवाज थोडा इकडेतिकडे जाणार, हे त्यांना कळत होतं आणि ते त्यांना टोचतही होतं.

किसनाजींची सून नंदा तांब्या घेऊन दाराशी बसली. दोन ओळींमध्ये ती त्यांना कोमट पाणी द्यायची. तिच्याकडे माझं लक्ष त्या दिवशी दोनतीनदा गेलं, कारण तिचे ओठ हलत होते.

किसनाजींनी तीन भजनं म्हटली. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. घशात गाठ असलेला माणूस हे गातोय यावर विश्वास बसत नव्हता. चौथ्याला सुरुवात केली आणि खोकला आला, थांबला नाही. नंदानं हात वर करून पुरे म्हणून सांगितलं. सगळे घामानं भिजलेले, पण खूश होते. काकूंनी मठ्ठा दिला. काकांनी त्यांना ऐकवायला म्हणून सुरू केलं.

पहिल्या ओळीत टिक असा आवाज आला. मग पुन्हा टिक. मग दोन एकदम. तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज सबंध भजनभर, आठही माइकांवर, किसनाजींच्या सगळ्यात उंच ओळीवर तर सलग. दुसरं भजन लावलं, तसंच. तिसरंही तसंच.

काकांनी तारा काढून पुन्हा लावल्या. किसनाजी उठले, पागोट्याचं टोक खोचलं आणि हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या, शेटजी. नशिबात नसन."

ते गेल्यावर काका त्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. शनिवारी दिवसभर यंत्रं उलटसुलट करत बसले. मुलाचा फोन लागेना, तो कुठेतरी परदेशात गेला होता. संध्याकाळी मी दार वाजवलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, त्याचं तीन भजनायचं बळ मी वाया घालवलं. आता तो जानार नाई नागपूरले. अन् थो नाई गेला तं पाप माह्यावर."

रविवारी सकाळी ते माफी मागायला नाचणगावला निघाले. मी सोबत गेले.

किसनाजी ओसरीवर बसून होते. काकांनी खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावायला घेतला तेव्हा त्यांनी तो वरच्या वर धरला. चहा आला. काकांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. यंत्र आवाजाचे एका सेकंदात हजारो बारीक तुकडे करतं, तारेतून पाठवतं, डबी ते घेते, दोन्ही यंत्रं चांगली आहेत, वेगवेगळी तपासली, एकेकटी नीट चालतात. दोघं एकत्र आली की तडतड.

किसनाजींनी ऐकून घेतलं. त्यांचा बोलण्याचा आवाज त्या तीन भजनांनंतर निम्मा झाला होता. ते म्हणाले, "आमच्यात दोन टाळवाले हाय. दोघंयी पक्के. पन सुरुवातीले काय होये, दोघंयी आपापल्या मनानं वाजवत. यक जरासा पुढं, यक जरासा मांगं. कोनी चुकत नव्हता, तरी भजन फाटे. मंग मी नियम केला. लहान्या टाळवाल्यानं मोठ्याकडं पाह्याचं. स्वताच्या मनानं मोजाचं नाई. तुमच्या त्या दोन मशीनीत कोन कोनाकडं पाह्यते?"

काकांचा कप तोंडाशी गेलेला तसाच राहिला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, थे शब्दाचं घड्याळ."

परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसले होते. काका मला एका शब्दानंही काही म्हणाले नाहीत, म्हणून जास्त लाज वाटत होती. घरी येऊन पुस्तक उघडलं, ते काट मारलेलं पान काढलं. सगळं तिथे लिहिलेलं होतं. शब्दांशी त्याचा काही संबंध नव्हता. प्रत्येक यंत्राच्या आत एक घड्याळ असतं आणि त्याच्या ठोक्यावर ते आवाजाचे तुकडे मोजतं. दोन यंत्रं जोडली की एकानं आपलं घड्याळ बाजूला ठेवून दुसऱ्याचं मानायचं. नाहीतर दोघांत केसाएवढं अंतर पडतं, कुठे एखादा तुकडा गळतो, कुठे दुप्पट होतो, आणि तिथे टिक वाजतं. आमची डबी स्वतःच्याच घड्याळावर चालली होती. संगणकावर एक छोटी चौकट उघडून तिला सांगायचं होतं, की वेळ तारेवरून घे.

काकांनी ते केलं. मी माइकसमोर उभी राहून आकडे मोजले, दहा मिनिटं, मग वीस. काका डोळे मिटून ऐकत होते. एकही टिक नाही. मी थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मॅडम, माहीत नसन तं माहीत नाई म्हनत जा. मले बी थे शिकाचं हाय." एवढंच. वर्गात एखाद्या मुलीनं अवघड शब्द विचारला की मला अजून हे वाक्य ऐकू येतं, आणि मी फळ्यावर लिहिते, उद्या बघून सांगते.

सोमवारी सकाळी निरोप गेला. येतील की नाही याची खात्री नव्हती. साडेदहाला ऑटोतून आधी ढोलक उतरली, मग माणसं, सगळ्यात शेवटी नंदाचा हात धरून किसनाजी.

या वेळी काकांनी डबीची पुढची दोन भोकंही वापरली. त्यांतला एक माइक खोलीच्या मधोमध छताला टांगला, सगळ्यांचा मिळून आवाज यावा म्हणून, आणि दुसरा खंजिरीला. तारेतून आठ आणि हे दोन, असे आवाजाचे दहा रस्ते, म्हणजे ट्रॅक, संगणकावर एकाखाली एक हलत होते. किसनाजींनी विचारलं, "यातला मी कोनता?" काकांनी पहिला दाखवला. त्यांनी खोकून बघितलं, तसा तो उंच उडाला. त्यांना हसू आलं.

त्या दिवशी त्यांनी पाच भजनं म्हटली. शेवटचं म्हणताना वरची जागा लागली नाही, आवाज चिरला. काका म्हणाले, राहू दे, पुन्हा म्हणू नको. किसनाजी म्हणाले, "तेही असू दे. खोटं कायले ठेवतो?" बुधवारी ते नागपूरला गेले.

दोन महिन्यांनी पहिला पाऊस होऊन पेरण्या आटोपल्यावर ते नालवाडीला आले. खूप वाळले होते. गळ्याभोवती पांढरा रुमाल, हातात शाळेतल्या मुलांची असते तशी पाटी, सोबत नंदा. काकांनी दोन महिने खपून भजनं नीट करून ठेवली होती. हा क्षण कसा पार पडणार, याची त्यांना धास्ती होती. मला त्यांनी मुद्दाम खाली बोलावलं होतं.

पहिलं भजन लावलं. किसनाजी मांडीवर बोटानं ठेका धरून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कळत नव्हतं. भजन संपलं. त्यांनी पाटीवर लिहिलं आणि काकांपुढे धरलं.

"माहा आवाज बंद करता येते का?"

काकांनी चष्मा काढला. त्यांना वाटलं, सहन होत नाही. मलाही तेच वाटलं. "किसना," ते म्हणाले, "आयकवत नसन तं पुरं बंद करतो. आपन चहा घेऊ."

किसनाजींनी जोरात मान हलवली. पुसलं, पुन्हा लिहिलं. "माहाच. बाकीच्यायचा राहू द्या."

काकांनी पहिला रस्ता बंद केला, छताच्या माइकचाही बंद केला आणि भजन पुन्हा लावलं. पेटी आली, ढोलक आली, टाळ आले. जिथे किसनाजींची ओळ यायची तिथे जागा मोकळी. पण अगदी मोकळीही नाही. गाद्या कमी केल्यामुळे त्यांचा आवाज इतरांच्या माइकांत थोडा शिरलेला होता. तो आता येत होता, दुरून, दोन घरं सोडून कुणी गात असावं तसा. काका ओशाळून म्हणाले, "थे माही चूक हाय. तेवढं काढता येत नाई."

किसनाजी तिकडे बघतही नव्हते. त्यांनी नंदाच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइककडे बोट केलं.

नंदा दचकली. "मी नाई, मामाजी. मंडळात बाया कुठं गाते? लोक काय म्हनतीन?"

त्यांनी पाटी घेतली. लिहायला वेळ लागला. "अठरा वर्सं सयपाकघरातून म्हनतेस. मी आयकतो."

नंदा पाटीकडे बघत राहिली. पदर डोळ्यांना लावला, मग माइकसमोर जाऊन बसली. काकांनी माइक तिच्या तोंडाच्या उंचीला खाली केला, हेडफोन तिच्या कानावर ठेवले आणि बंद केलेल्या पहिल्या रस्त्याखाली तिच्यासाठी नवा रस्ता उघडला.

पहिल्या वेळी ती ओळीत शिरलीच नाही, नुसती घाबरून बसली. दुसऱ्या वेळी शिरली. आवाज बारीक, सासऱ्यांसारखा मुळीच नाही, थोडा अनुनासिक. पण जागा सगळ्या पाठ होत्या. सात माणसं मागे गात होती, दूरवर कुठेतरी आठवं होतं, आणि ती त्याला धरून धरून पुढे जात होती. काकूही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. वरच्या जागेला नंदा ठेक्याच्या पुढे गेली, गडबडली, आणि उरलेलं कसंबसं संपवून मान खाली घालून बसली.

पुढे वर्षभरानं ती मंडळात पहिल्या ओळीला बसली. बाबारावांनी दोन गुरुवार पेटी वाजवायचं नाकारलं आणि तिसऱ्या गुरुवारी आले, ते सगळं मी नंतर ऐकलं. त्या दुपारी मात्र कुणालाच पुढचं काही माहीत नव्हतं. भजन संपल्यावर काका नेहमीसारखे डोळे मिटून बसले होते. आम्ही सगळे किसनाजींकडे बघत होतो. त्यांनी पाटी धोतराच्या सोग्यानं स्वच्छ पुसली, तोंडाशी धरून नीट लिहिलं आणि नंदाला दाखवली.

"घाई करू नोको. पुन्हा म्हन."